मेल्क फुररची पहार

१

मेल्क फुररला डोंगरावरून खाली आणलं ते शिडीवर बांधून. शिडी त्याच्या बहिणीचीच होती, आगाताची, गवताच्या माळ्यावर चढायची. बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला तिघेजण ती घेऊन दारात उभे राहिले आणि आधी कोणी बोलावं हे कोणालाच कळेना. गारा थांबल्या होत्या, पाऊस मात्र लागून राहिला होता.

"आत आणा," आगाता म्हणाली. "पावसात कशाला उभे राहताय? तो भिजायचा तेवढा भिजला."

हिंटर आल्प या डोंगरी कुरणावरचं ते शेवटचं घर. त्याच्यावर नुसता खडक, बर्फ आणि कपारी. कपारींत स्फटिक. खालच्या गावातले पुरुष दर उन्हाळ्याच्या शेवटी पहारी खांद्यावर टाकून वर जायचे आणि जाता-येता आगाताच्या घरी सूप प्यायचे, तिच्या पोटमाळ्यावर झोपायचे. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती हे घर एकटी चालवत होती. येत्या रविवारी मात्र गावच्या चर्चमध्ये तिचं आणि कास्पार रेग्लीचं नाव लग्नासाठी वाचलं जाणार होतं. एकावन्नाव्या वर्षी नवरी व्हायला निघाली म्हणून बायका तिला चिडवायच्या, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

शिडीच्या पुढच्या टोकाला कास्पारच होता. बावीस वर्षं तो आणि मेल्क एकाच दोरावर चढले होते. गेल्या वर्षी बिनसलं आणि दोघांनी वेगवेगळे दोर घेतले. कारण विचारलं की दोघेही गप्प बसायचे. दुसऱ्या टोकाला होता नेव्हिओ, धरणाच्या बोगद्यात काम करणारा इटालियन. सुट्टी मिळाली की परवाना नसताना डोंगरात भटकायचा आणि किरकोळ स्फटिक खिशात भरायचा. मधे धरायला, म्हणजे बहुतेक वेळ नुसता हात लावायला, झ्युरिकहून आलेला दगडांचा व्यापारी वेटली.

"तळघरात ठेवू," आगाता म्हणाली. "तिथंच गारठा आहे. पूल वाहून गेलाय. पोलीस उद्याशिवाय येत नाहीत."

"तळघरात नको," कास्पार पटकन म्हणाला. "चीजच्या वासात कशाला? लाकडाच्या खोलीत ठेवू. नाहीतर पुढच्या खोलीत."

"पुढच्या खोलीत चूल आहे कास्पार. मेलेल्या माणसाला शेकायला बसवतोस का?"

त्याने मान खाली घातली. मेल्कवर त्याचा फार जीव, असं आगाताला वाटलं, आणि त्याही दुःखात तिला त्याच्याबद्दल माया दाटून आली.

तळघरात एकटीने तिने भावाचं अंग पुसलं. डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. मोडलेल्या पायाला त्याने स्वतःच हातोडीचा दांडा लावून पट्ट्याने आवळलं होतं, म्हणजे पडल्यावर तो बराच वेळ जिवंत होता. खिशात पाव होता. अर्धा खाल्लेला, अर्धा फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला. त्याला खडकाने मारलं नव्हतं, विजेनेही नाही. त्याला थंडीने मारलं होतं.

मग तिने त्याच्या ओल्या कोटाची बटणं सोडली आणि तिचे हात थांबले. कोटाच्या आत नुसता सदरा होता. तिने गेल्या हिवाळ्यात विणलेला जाड राखाडी स्वेटर, जो मेल्क जूनमध्येसुद्धा अंगातून काढायचा नाही, तो नव्हता.

२

हवालदार अम्ब्रोस एप गुरुवारी सकाळी ओढ्यावर फळ्या टाकून पलीकडून आला. जाड, धापा टाकणारा, मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने मेल्कला पाहिलं, टोपी काढली, टोपी घातली आणि कॉफी मागितली.

"सापडला कुठे?"

"पूर्वेच्या कड्यावर," कास्पार म्हणाला. "त्याच्या कपारीच्या खाली, उघड्या कंगोऱ्यावर. वरून घसरला असणार. कपार रिकामी आहे. धुऊन पुसून नेल्यासारखी."

"तुम्हाला बुधवारी एवढा उशीर का झाला?"

"आधी पश्चिमेला शोधलं. मला वाटलं तो तिकडे गेलाय. मी मंगळवारी तिकडेच होतो, दिसला नाही, म्हटलं आणखी वर असेल." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तीन तास वाया घालवले मी."

मेल्कला उन्हाळ्यात गुलाबी दगडाची कपार सापडली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. काळे-धुरकट स्फटिक पुष्कळ मिळतात. गुलाबी फ्लोराइट, दोन पिरॅमिड पायाला पाय लावून ठेवावेत तसा, माणसाच्या मुठीएवढा, आयुष्यात एकदा मिळाला तर मिळतो. मेल्कने कपारीच्या तोंडाशी आपली पहार ठेवली होती, 'मे. फु.' अशी अक्षरं ठोकलेली. कपारीत ज्याची पहार, त्याची कपार. तिथं कुलूप नसतं, राखण नसते. त्या डोंगरात माणूस दुसऱ्याच्या बायकोकडे एक वेळ बघेल, पण दुसऱ्याच्या पहारीला हात लावणार नाही.

आणि मंगळवारी चार वाजता, आभाळ फाटून गडगडत असताना, नेव्हिओ आगाताच्या दारातून आत आला होता तो मेल्कची पहार हातात घेऊन.

"सगळे ओरडलो आम्ही त्याच्यावर," वेटलीने सांगितलं. "लोखंड बाहेर टाक, लोखंड बाहेर टाक म्हणून. त्याला कळेचना."

"अक्षरं बघितली नाहीत तुम्ही?"

"बाहेर पाऊस किती होता साहेब! आज सकाळी बघितली."

एपने कॉफी संपवली. "मग आता काय राहिलं? परवाना नाही. मेलेल्याची पहार याच्या हातात. कपार रिकामी. दगड कुठंतरी खडकाखाली पुरलेत, ते मिळतील. दुपारचं सूप झालं की याला घेऊन मी निघतो. अल्टडॉर्फच्या कचेरीत पोचलो की पुढचं पुढचे बघतील."

 नेव्हिओचे ओठ पांढरे पडले. कास्पारने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आणि स्वेटर?" आगाताने विचारलं.

"कसला स्वेटर?"

"माझ्या भावाच्या अंगातला. इटालियनाच्या सामानात सापडला का?"

एपने नेव्हिओची सॅक सकाळीच उपडी केली होती. पाव, मोजे, आठ-दहा फालतू स्फटिक, बायकोचा फोटो. स्वेटर नव्हता.

"टाकला असेल कुठंतरी," एप म्हणाला.

"थंडीत मरणाऱ्या माणसाचा स्वेटर काढायचा आणि टाकून द्यायचा? कशाला?"

 आगाताने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजले होते. सूप बाराला. या इटालियनाने काही केलं नसेल आणि तरी यालाच नेलं, तर मेल्कला मारणारा जन्मभर माझ्या टेबलावर बसून सूप पीत राहील, असं तिच्या मनात आलं.

३

नेव्हिओला लाकडाच्या खोलीत कोंडलं होतं. आगाताने त्याला पाव आणि चीज नेऊन दिलं.

"सिन्योरा, मी नाही केलं."

"ते सगळेच म्हणतात. पहार कुठं मिळाली ते सांग. खोटं बोललास तर चीज परत नेईन."

"लाकडी क्रूस आहे ना, पूर्वेच्या वाटेवर, वळणावर? त्याच्या खाली गवतात पडली होती. आडवी. कोणीतरी भिरकावल्यासारखी. अक्षरं होती. म्हटलं, कोणाचं तरी हरवलंय, घरी देऊ."

"कपारीपर्यंत गेलाच नाहीस?"

"मला ती कपार कुठं आहे तेसुद्धा माहीत नाही. मी खाली ओढ्याच्या दगडांत शोधतो. वर चढायची भीती वाटते."

"बोगद्यात भीती वाटत नाही?"

"बोगद्यात वर बघायला लागत नाही."

आगाता त्याच्याकडे बघत राहिली. क्रूस कपारीपासून चांगला अर्ध्या तासाच्या उतारावर होता. "गडगडाट चालू होता तेव्हा?"

"डोक्यावर."

"आणि तू ती लोखंडाची पहार हातात धरून उघड्यावरून इथपर्यंत चालत आलास?"

"जड होती," नेव्हिओ म्हणाला. "पण टाकून कशी देणार? दुसऱ्याची वस्तू."

दोन दिवसांत पहिल्यांदा आगाताला हसू आलं, आणि ते कडू होतं. वादळात खडक गुणगुणायला लागला, केस उभे राहायला लागले, की इथला माणूस आधी पहार भिरकावतो आणि मग देवाचं नाव घेतो. लहानपणी आईच्या दुधाबरोबर शिकलेली गोष्ट ती. म्हणजे क्रुसापाशी पहार फेकली ती इथल्या माणसाने, डोंगर ओळखणाऱ्याने. मेल्कने नाही. मोडका पाय घेऊन तो क्रुसापर्यंत आला असता तर परत वर कंगोऱ्यावर कशाला गेला असता?

"सिन्योरा," नेव्हिओ म्हणाला, "मला तुरुंगाची भीती नाही. पण काम गेलं तर सीमेपलीकडे हाकलतील. बायकोला काय सांगू? दगड गोळा करत होतो म्हणून?"

 दार लावताना तिला आठवलं, मेल्क ज्या कंगोऱ्यावर सापडला त्याच्या वीस पावलांवर मोठा झुकलेला खडक होता. खाली कोरडं असतं. मोडक्या पायानेही माणूस तिथं सरपटत जातो. मेल्क गेला नाही. तो उघड्यावर बसून राहिला, जिथून तो वाटेवरून दिसेल. अर्धा पाव शिल्लक ठेवून.

तो कोणाची तरी वाट बघत होता. कोणीतरी येणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

४

वेटली चुलीपासून लांब, खिडकीशी बसून नखं कोरत होता.

"आगाताबाई, मी मंगळवारी दिवसभर याच घरात होतो. तुम्हीच मला तीनदा सूप वाढलंत."

"तुम्ही होतात हे मला माहीत आहे. मेल्कच्या दगडासाठी आला होतात ना?"

"आलो होतो. रेग्लीने कळवलं होतं."

"कास्पारने? मेल्कने नाही?"

"मेल्क कोणाला विकणार? तो दगड उशाशी घेऊन झोपणारा माणूस. रेग्ली म्हणाला, या तर खरं, मी त्याला समजावतो." वेटलीने खांदे उडवले. "आता काय! चोराने ते गुलाबी दगड कुठल्यातरी बिळात घातले असतील. निदान गारठ्यात आहेत एवढं बरं."

"का?"

"तुम्ही फुररांच्या घरातल्या, आणि मला विचारता? गुलाबी दगड कपारीतून काढला की त्याला उबेपासून जपावं लागतं. चार-पाच दिवस गारठ्यात, ओल्या कापडात. एकदम उबेत आणला की संपलं. गेल्या वर्षी मी एक असाच चुलीजवळच्या फळीवर ठेवला. जेवत होतो. नुसतं 'टक्' झालं. उभी चीर, वरपासून खालपर्यंत." त्याने डोळे मिटले. "आई गेली तेव्हा मी एवढा रडलो नव्हतो, खोटं कशाला सांगू?"

आगाता उभी होती ती बाकावर बसली. हे तिला का आठवलं नव्हतं? तिचा बाप नवे दगड गोठ्यात ठेवायचा आणि पोरांना तिकडे फिरकू द्यायचा नाही.

मंगळवार दुपार तिला पुन्हा दिसायला लागली. साडेतीनला कास्पार आला होता, निथळत, दात वाजत. तिने त्याचा कोट, टोपी, मोजे, बूट सगळं चुलीवरच्या दोरीवर टाकलं होतं. आणि सॅक? बावीस वर्षं कास्पार आल्या आल्या आपली ओली सॅक नेमकी चुलीवरच्या खुंटीला लटकवायचा. ती तिच्या कणकेवर ठिबकायची. बावीस वर्षं ती त्यावरून त्याला शिव्या घालत आली होती.

मंगळवारी त्याने ती लटकवली नव्हती. "राहू दे, तळघरात ठेवतो," तो म्हणाला होता. "वास मारतेय. तुझ्या स्वयंपाकघरात नको."

लग्न ठरलं की पुरुषाला वळण लागतं, असं म्हणून ती हसली होती.

५

तळघरात मेल्क पांढऱ्या चादरीखाली होता. त्याच्या डोक्याच्या वर, चीजच्या फळ्यांच्या पलीकडे, काळोख्या कोपऱ्यात कास्पारची सॅक आकड्याला लटकत होती. काल भावाचं अंग पुसताना तिचा खांदा त्या सॅकला दोनदा लागला होता.

आगाताने मेणबत्ती फळीवर ठेवली.  हे काम दुसऱ्या कोणाचं तरी निघू दे, असं ती म्हणाली, अगदी मोठ्याने. मग तिने पट्टा सोडला.

वर ओलं शेवाळ. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले लहान तुकडे. सगळ्यांत आत, तळाशी, राखाडी लोकर. उजव्या कोपराला लाल ठिगळ, कारण गेल्या हिवाळ्यात विणताना राखाडी लोकर संपली होती आणि मेल्क म्हणाला होता, लाल चालेल, खडकाला कुठं रंग कळतो?

स्वेटरच्या आत दगड होता. गुलाबी, मुठीएवढा, कडा ताज्या. मेणबत्तीच्या उजेडात तो आतून पेटला.

आगाताने तो पाहिला. मग चादरीखालच्या भावाकडे पाहिलं. दोघांना एकाच खोलीत, एकाच गारठ्यात ठेवलं होतं. एकाला जपायला, दुसऱ्याला टिकवायला. तिला ओरडावंसं वाटलं. पण वर माणसं होती आणि बारा वाजायला दहा मिनिटं होती.

तिने सगळं होतं तसं गुंडाळलं, पट्टा आवळला आणि सॅक खांद्यावर घेतली.

६

टेबलावर चौघे होते. एप, वेटली, कास्पार, आणि दोन्ही मनगटं बांधलेला नेव्हिओ. आगाताने बार्लीचं सूप वाढलं. मग ती चुलीकडे गेली आणि सॅक खुंटीला अडकवली, बरोबर तापलेल्या लोखंडाच्या वर.

"तुझी सॅक रे," ती पाठमोरीच म्हणाली. "ओलीकच्च आहे. निघायच्या आधी वाळू दे."

कास्पारचा चमचा अर्ध्यावर थांबला.

"राहू दे आगाता. मी नेतो खाली."

"का? बावीस वर्षं हीच खुंटी ना तुझी? आज मी ओरडत नाही. ठिबकू दे."

तिने चुलीत आणखी एक ओंडका सारला. एप पाव बुडवून खात होता. वेटली मिठाची डबी शोधत होता. सॅकच्या बुडातून वाफ निघायला लागली.

"काढ ती," कास्पार म्हणाला.

"सूप घे. गार होतंय."

"आगाता, काढ ती खाली."

"परवा मेल्क वर बसला होता, तेव्हा तू याच बाकावर दोन वाट्या प्यायलास. सावकाश. आजही पी की."

बाक उलटला. कास्पारने दोन ढांगांत चूल गाठली, सॅक ओढून काढली आणि पोटाशी धरून दाराच्या गार झोतात जाऊन उभा राहिला. एवढं करून मग त्याला कळलं की आपण काय केलं. वेटलीला ते सगळ्यांत आधी कळलं होतं.

"रेग्ली," तो हळूच म्हणाला, "आत गुलाबी आहे. हो ना?"

एप तोंडात घास तसाच ठेवून बघत राहिला. आगाताने एप्रनला हात पुसले आणि हवालदाराला एकेक गोष्ट सांगितली. मेल्क उघड्यावर बसून राहिला, कारण कोणीतरी परत येतो म्हणून गेलं होतं. पहार क्रुसापाशी फेकलेली होती, म्हणजे कपारीकडून उतरणारा माणूस डोंगरातला होता, आणि गडगडाटात ती हातात धरून आलेला हा खुळा डोंगरातला नव्हता. त्या दिवशी वर तिघेच होते. एक मेला, एक खुळा. राहिला तो पश्चिमेला होतो म्हणाला आणि सगळ्यांना तीन तास पश्चिमेला फिरवत बसला. आणि मंगळवारी भिजून आलेल्या दोघांत त्या एकाचीच सॅक चुलीपासून लांब होती.

"उघडा ती," ती म्हणाली. "तळाशी माझ्या भावाचा स्वेटर आहे. कोपराला लाल ठिगळ."

एपने उघडली. ठिगळ बघितल्यावर त्याने काही न बोलता नेव्हिओची मनगटं सोडली.

७

"तो जिवंत होता?" आगाताने विचारलं.

"होता." कास्पार खिडकीकडे बघत होता. "त्याला दगड विक म्हणून सांगायला गेलो, तर तो पडलेला. बोलत होता. शिव्या देत होता. मी म्हटलं, तुला पाठीवर घेतो. तो म्हणाला, आधी हा दगड ने, गारा येतायत, फुटेल. स्वेटर त्यानेच काढून दिला. खरंच सांगतो, त्यानेच दिला. म्हणाला, तू आगाताला सांग, शिडी घेऊन या, मी इथंच दिसेन असा बसतो."

"आणि तू येऊन काय म्हणालास?"

"सांगणारच होतो. तू दारातच विचारलंस, मेल्क मागे आहे का? आणि मी म्हटलं, नाही, दिसला नाही. तोंडातून निघून गेलं. मग तू सूप वाढलंस. एकदा नाही म्हटल्यावर..." तो थांबला. "बावीस वर्षं ठोकत मी बसलो, आणि संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात प्रत्येक दगडाखाली नाव मेल्क फुररचं. एकदा, एकदाच माझं नाव यावं असं वाटलं. पण तुझ्या दारात येईपर्यंत मी सांगणारच होतो आगाता."

क्षणभर तिला ते खरं वाटलं. खरं वाटावं असं तिला फार वाटत होतं. भित्र्या माणसाला माफ करता येतं. वर्षं लागतात, पण येतं.

"मग पहार का काढलीस?" तिने विचारलं.

कास्पार पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

"त्याची पहार कपारीत राहिली असती तर कपार त्याची राहिली असती. मदत आणायला निघालेला माणूस पहार काढत नाही कास्पार. ज्या कपारीचा मालक आता उरणार नाही, तिचीच पहार काढतात. तू वरच ठरवलंस. तो तुझ्याकडे बघत असताना. त्याने पाहिलं असेल तुला पहार काढताना, पाहिलं ना? आणि तरी तो उघड्यावर बसून राहिला."

 कास्पारच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की मेल्कने पाहिलं होतं.

एप निघाला तेव्हा पाऊस उघडला होता. लहान तुकडे त्याने पुरावा म्हणून बरोबर घेतले. मोठा दगड आणि स्वेटर त्याने वारस म्हणून आगाताकडे ठेवले. मागितले की द्यायचे, असं बजावून. वेटलीने दारातल्या दारात एक आकडा सांगितला, आगाताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसरा आकडा न सांगताच उतरायला लागला. नेव्हिओ सगळ्यांच्या पुढे होता, मागे वळूनसुद्धा न बघता. त्याचं काय चुकलं?

"पाद्रीबुवांना सांगा," आगाता एपला म्हणाली, "रविवारी नावं वाचायची नाहीत."

कास्पार कुंपणाशी थांबला. वळला. आता हा मेल्कबद्दल काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं. किंवा तिच्याबद्दल. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते, आणि ती वाट बघत उभी राहिली, याचा तिला नंतर फार राग आला.

"दगड अजून दोन दिवस तळघरातच ठेव," तो म्हणाला. "आणि थंड पाण्यात धुऊ नकोस."

एपने त्याचा दंड धरला आणि ते वळणाआड गेले.

आगाता आत आली. टेबलावर चार वाट्या तशाच पडल्या होत्या. दगड खिडकीत होता. तिने तो उचलला, चुलीपाशी गेली आणि तापलेल्या लोखंडावर वीतभर उंचीवर धरला. सोडायचा फक्त. 'टक्' ऐकायचं आणि भांडी घासायला बसायचं. तिची बोटं पोळायला लागली. दगडातून चूल गुलाबी दिसत होती. ह्याच्यासाठी एकाने अंगातला स्वेटर काढला आणि दुसऱ्याने माणुसकी. सोड, ती स्वतःला म्हणाली. सोड की.

हात मागे आला. तिने तो मागे घेतला नव्हता, तो आपोआप आला. फुररांच्या घरातली मुलगी होती ती. बापाने मुलांना मारलं होतं, दगडाला कधी धक्का लागू दिला नव्हता.

मग ती रडली, दोन दिवसांत पहिल्यांदा, मेल्कसाठी आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या हातासाठी. रडून झाल्यावर तिने दगड ओल्या फडक्यात गुंडाळला, स्वेटर खाकोटीला मारला आणि तळघरात उतरली. स्वेटर तिने मेल्कच्या छातीवर पसरला, लाल ठिगळ वर येईल असा. दगड त्याच्या पायाशी, सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवला. मेणबत्ती विझवली आणि ती वाट्या घासायला वर गेली.